ब्रास, जोतं आणि स्लॅब एरिया: सांगलीतल्या एका घराच्या बिलाचं प्रकरण

एकच घर, एकच काम आणि मजुरीचे आकडे दोन. कॉन्ट्रॅक्टरच्या कागदावर ५,२४,८०० आणि मामांच्या वहीत २,८७,९३५. मे २०२४ मधे रात्री साडेनऊला आत्याचा फोन आला, आवाज रडका, म्हणाली तू सिव्हिलवाली आहेस ना, उद्याच्या उद्या ये, तुझे मामा पोलीस स्टेशनला जायचं म्हणाय लागलेत. (आमच्याकडं आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात.) मामा एसटीत कंडक्टर होते, रिटायर झाल्यावर फंडाच्या पैशातून सांगलीत शामरावनगरला घर बांधायला काढलं. आयुष्यभर वेबिल लिहिलेला माणूस, त्यामुळं घराचीसुद्धा एक वही, तारीखवार, सिमेंटच्या प्रत्येक पोत्याची नोंद. अशा माणसाचा हिशोब एवढा चुकेल असं मला वाटेना, आणि कॉन्ट्रॅक्टरबद्दल आधी चौकशी केली तर त्याचंही नाव चांगलंच निघालं.

मी नऊ वर्षं साइटवर काढली, आता कुपवाडला एका इंजिनिअरच्या ऑफिसात क्वांटिटी काढायचं काम करते. अशी भांडणं दर दोनचार महिन्यांनी बघायला मिळतात आणि बऱ्याचदा चोरी कुणीच केलेली नसते, एकाच शब्दाचे दोघांनी दोन अर्थ धरलेले असतात. मामांच्या घराचं प्रकरण त्यातलंच, आणि यात एवढे शब्द एकदम आलेत म्हणून सगळं आकड्यांसकट लिहितेय.

आधी कागद बघा. करार म्हणजे वहीचं फाडलेलं एक पान, खाली दोघांच्या सह्या, वर पाच ओळी. बांधकाम लेबर ३६० रु. स्क्वे. फूट. जोतं ३ फूट. प्लास्टर आतबाहेर सकट. कंपाऊंड प्लास्टर वेगळं, २,२०० रु. ब्रास. पाणी मारणे. बास. मटेरियल मामांचं, मजुरी कॉन्ट्रॅक्टरची, याला आपल्याकडं लेबर रेट म्हणतात. तोपर्यंत मामांनी २,८०,००० दिले होते, म्हणजे त्यांच्या हिशोबानं आठ हजारसुद्धा द्यायचे राहिले नव्हते, आणि तो म्हणत होता अजून २,४४,८०० द्या. तुम्हीच सांगा, भांडण होणार नाही तर काय होणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले, कॉन्ट्रॅक्टरलाही बोलावून घेतलं. तो मामांना मास्तर म्हणायचा, आल्या आल्या म्हणाला, "ताई, मी मास्तरांना एक रुपया जास्त लावला असंल तर दाखवा." मामा आतनंच ओरडले. आत्यानं चहा ठेवला. मी म्हटलं कुणी काही बोलू नका, आधी टेप आणा.

पहिली भानगड स्क्वेअर फुटाची. ३६० रुपये स्क्वेअर फूट हे दोघांना मान्य, पण कसला स्क्वेअर फूट? घर बाहेरून बाहेर २६ बाय ३४, म्हणजे ८८४ स्क्वेअर फूट. बाहेरच्या भिंती ९ इंची, त्या चारी बाजूंनी वजा केल्या की आतलं माप २४.५ बाय ३२.५, म्हणजे ७९६. आणि वर स्लॅब भिंतीच्या बाहेर काढलाय, पुढंमागं दोन दोन फूट, दोन्ही बाजूंना दीड दीड, तो भरतो २९ बाय ३८, म्हणजे ११०२. एकाच घराचे तीन एरिया, ७९६, ८८४ आणि ११०२, आणि तिन्ही बरोबर.

मामांनी ७९६ धरला होता. का, तर त्यांचा मुलगा पुण्यात फ्लॅट बघत होता, त्याच्यासोबत फिरताना त्यांच्या कानावर कार्पेट एरिया पडलेला, रेरा पडलेला, आणि त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं की कायद्यानं कार्पेटच धरतात. २०१६ च्या रेरा कायद्यात कार्पेट एरियाची व्याख्या आहे हे खरंच आहे, बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि ओपन टेरेस सोडून आतली वापरायची जागा, पण आतल्या पार्टिशनच्या भिंती त्यात धरायच्या. ती व्याख्या बिल्डर फ्लॅट विकतो त्यासाठी आहे. आपण प्लॉटवर गवंड्याला मजुरी देतो तिथं तिचा संबंध नाही, कारण त्यानं बाहेरची भिंत बांधलीय, तिला प्लास्टर केलंय, मग ती भिंत मोजायची नाही असं कसं चालेल? मी हे मामांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "मग बाळ, हे मला आधी कुणी सांगायचं?" त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं.

कॉन्ट्रॅक्टरनं धरला होता ११०२, वर जिन्याच्या हेडरूमचा (जिना गच्चीवर निघतो तिथली खोली) स्लॅब ९ बाय १७ म्हणजे १५३, एकूण १२५५. सांगलीत, मिरजेत लेबर कॉन्ट्रॅक्टर बहुतेक करून असाच स्लॅब मोजतात, स्लॅबच्या कडेपासून कडेपर्यंत, आणि त्यांना ते इतकं सवयीचं असतं की कागदावर लिहायची गरजच वाटत नाही. पण मामांनी आयुष्यात पहिलंच घर बांधलेलं, त्यांना ही पद्धत कुठून माहीत असणार. स्लॅब एरिया हे दोन शब्द त्या पानावर कुठंच नव्हते, 'बांधकाम' एवढंच होतं. फरक किती, तर ७९६ ला ३६० नं २,८६,५६० आणि १२५५ ला ४,५१,८००. एक शब्द न लिहिल्यामुळं १,६५,२४० रुपयांचं अंतर.

माझं मत मी दोघांसमोर सांगितलं. भिंतींच्या आतबाहेरचं सगळं काम आलं म्हणून ८८४ पूर्ण रेटनं. हेडरूमही पूर्ण रेटनं, कारण तिथं भिंती आहेत, स्लॅब आहे, शिवाय जिन्याचं सेंट्रिंग (काँक्रीट ओतायला फळ्या-टेकूंचा साचा लावतात ते) म्हणजे सगळ्यात किचकट काम, पायऱ्या पाडायला एक हुशार सुतार दिवसभर गुंततो. आणि भिंतीबाहेरचा जो स्लॅब आहे, ११०२ वजा ८८४ म्हणजे २१८, त्याखाली ना भिंत ना फरशी ना जोतं, तिथं सेंट्रिंग, सळी, काँक्रीट आणि खालचं प्लास्टर एवढंच, म्हणून तो अर्ध्या रेटनं. अर्धा रेट धरायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. कॉन्ट्रॅक्टरनं जरा कुरकुर केली पण मानलं. ३,१८,२४० अधिक ३९,२४० अधिक ५५,०८०, झाले ४,१२,५६०.

आता जोतं. इथं मला दोघांचाही राग आला खरं तर, कारण ही गोष्ट काम सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटांत मिटली असती. जोतं म्हणजे प्लिंथ, जमिनीपासून घराच्या फरशीपर्यंतची उंची. जमिनीच्या खाली असतो तो पाया. मामा दोन्हीला मिळून जोतं म्हणत होते, गावाकडं पुष्कळ जण म्हणतात. आणि तीन फूट म्हणजे कुठून तीन फूट? मामांचा प्लॉट रोडपेक्षा दीड फूट खाली. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलेलं, जिथं इशारा पातळीच ४० आणि धोका पातळी ४५ आहे, ते सगळं मामांनी डोळ्यांनी बघितलेलं, त्यामुळं त्यांच्या मनात तीन फूट म्हणजे रोडच्या वर तीन फूट. महापूर नसला तरी शामरावनगरला नुसत्या पावसाचं पाणी तुंबतं, त्यामुळं त्यांची भीती काही चुकीची नव्हती. कॉन्ट्रॅक्टरनं धरलेलं प्लॉटच्या जमिनीपासून. काम चालू असताना मामांनी साइटवर उभं राहून अजून वर घ्या, अजून वर घ्या म्हणून साडेचार फूट करून घेतलं, तोही करत गेला, आणि दोघांनाही वाटत राहिलं की आपलं म्हणणं समोरच्याला कळलंय.

वरच्या दीड फुटाला काम किती लागलं ते काढलं. बाहेरच्या आतल्या मिळून जोत्याच्या भिंती साधारण २०० रनिंग फूट, दीड फूट उंची, पाऊण फूट जाडी, म्हणजे २२५ घनफूट वीटकाम. शिवाय आतली भर, ७९६ गुणिले दीड, ११९४ घनफूट, म्हणजे १०० घनफुटाचा एक ब्रास धरून जवळपास १२ ब्रास मुरूम, आणि हा दाबून बसलेला १२, आणताना मोकळा १५ च्या पुढंच लागतो. मुरूम मामांचा, पण पसरणं, पाणी मारणं, धुम्मस करणं (ठोकून दाबणं) मजुरीत आलं. त्यात तिथली जमीन काळी माती. ही माती पावसात फुगते, उन्हात आकसून भेगा पडतात, म्हणून तिच्यावर पाया टेकवत नाहीत, मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागतं. पाच फुटांवर मुरूम लागंल म्हणून धरलेलं, लागला साडेसात फुटांवर. जेसीबीचं भाडं मामांनीच भरलेलं, पण कॉलम अडीच फूट लांबले त्याचं सेंट्रिंग आणि बायंडिंग (सळ्या बांधणं) कॉन्ट्रॅक्टरचं. त्यानं या सगळ्याचे मिळून ४०,००० लावलेले. वीट, भर, कॉलम वेगवेगळं मोजून मी २२,००० काढले. कॉन्ट्रॅक्टरला ते कमी वाटले, मी वही पुढं केली आणि म्हटलं यातलं कुठलं माप चुकलंय ते सांगा. त्यानं दोनदा बघितलं आणि बरोबर आहे म्हणाला.

ब्रासचं प्रकरण ऐकून पुष्कळ लोक हसतील, पण यात हसण्यासारखं खरंच काही नाही. मामांचा चुलतभाऊ तासगावकडं ट्रॅक्टरनं वाळू टाकायचा, त्यामुळं ब्रास म्हणजे १०० घनफूट हे मामांना लहानपणापासून पाठ. आणि ते बरोबरच आहे, वाळू, खडी, मुरूम, डबर हे सगळं घनफुटात, १०० घनफूट म्हणजे एक ब्रास, मीटरमधे २.८३ घनमीटर. कंपाऊंडचं प्लास्टर कॉन्ट्रॅक्टरनं २,२०० रुपये ब्रास लिहिलेलं. मामांनी काय केलं, भिंतीचा एरिया १,५०० स्क्वेअर फूट, प्लास्टरची जाडी अर्धा इंच, गुणाकार केला, साडेबासष्ट घनफूट आले, भागिले १००, म्हणजे ०.६२५ ब्रास, गुणिले २,२००, उत्तर १,३७५ रुपये. गणितात एकही चूक नाही. फक्त प्लास्टरचा ब्रास वेगळा असतो! प्लास्टर, फरशी, रंग, सेंट्रिंग, जे काही पसरट काम आहे तिथं ब्रास म्हणजे १०० स्क्वेअर फूट. म्हणजे कंपाऊंड १५ ब्रास आणि बिल ३३,०००.

आणि विटांच्या कामात तर दोन्ही ब्रास चालतात. ९ इंची भिंत असली तर घनफुटावर, ४ इंची असली तर स्क्वेअर फुटावर. एकाच घरात, एकाच गवंड्याचं काम, आणि हॉलची बाहेरची भिंत एका ब्रासनं मोजायची, बेडरूम आणि किचनमधली पार्टिशन दुसऱ्या ब्रासनं. ही पद्धत चुकीची नाही, पातळ भिंतीला विटा कमी लागल्या तरी मेहनत काही निम्मी होत नाही, ओळंबा तेवढाच धरावा लागतो. पण नवीन माणसाला हे सांगायलाच पाहिजे ना. मी तर म्हणते कागदावर नुसतं ब्रास लिहूच नये, '१०० घनफुटाचा ब्रास' नाहीतर '१०० स्क्वेअर फुटाचा ब्रास' असं लिहावं, दोन शब्द जास्त गेले तरी चालतील.

टेप हातात होताच म्हणून कंपाऊंड पुन्हा मोजलं. कॉन्ट्रॅक्टरनं १५० फूट लांबी धरलेली, उंची ५, दोन्ही बाजू. पण त्यात गेटचे १० फूट तसेच होते. गाळा, म्हणजे दार, खिडकी, गेटसाठी भिंतीत सोडलेली मोकळी जागा, वजा करायचा की नाही यावर साइटवर कायम वाद होतात. आयएस १२०० या भारतीय मानकात मोजमापाची जी पद्धत दिलीय त्यात अर्धा चौरस मीटरपर्यंतचा गाळा वजा करत नाहीत, ३ चौरस मीटरपर्यंत असला तर एकाच बाजूचा करतात, आणि त्याच्या वर असला तर दोन्ही बाजूंचा करायचा. गेटचा गाळा ५० स्क्वेअर फूट, म्हणजे साडेचार चौरस मीटरच्या वर, त्यामुळं दोन्ही बाजूंचे मिळून १०० स्क्वेअर फूट कमी. उरलं १४ ब्रास. पण मग भिंतीच्या डोक्यावरचं, सहा इंच रुंद, १४० फूट लांब प्लास्टर त्यानं मोजलंच नव्हतं, ते ७० स्क्वेअर फूट त्याला मिळायला पाहिजेत. झाले १४.७ ब्रास, ३२,३४० रुपये. मी त्याच्या बाजूनं ७० फूट काढले तेव्हा तो पहिल्यांदा खुर्चीत नीट टेकून बसला.

ब्रासवरनं मामांना त्यांची क्रश सँडची (दगड फोडून केलेल्या वाळूची) वही आठवली. चार ब्रासची गाडी म्हणून सात गाड्या घेतलेल्या. एका गाडीचा हौदा मामांनी स्वतः मोजून लिहून ठेवला होता, १३.५ फूट लांब, ७ रुंद, वाळू साडेतीन फुटांपर्यंत. म्हणजे ३३०.७५ घनफूट, सव्वातीन ब्रासच्या जरा वर. चार कुठं आणि हे कुठं. शिवाय वाळू ओली असली की फुगते, ५ टक्क्यांच्या आसपास ओल असेल तर आकारमान २०-२५ टक्क्यांनीसुद्धा वाढतं, म्हणजे आपण हवेचे पैसे देतो. हा वाद सप्लायरसोबतचा होता आणि गाड्या रिकाम्या होऊन सहा महिने झालेले, तिथं काही हाताला लागलं नाही. मला वाईट याचं वाटलं की माप वहीत होतं, फक्त ते गुणून कुणी बघितलं नव्हतं.

सळीच्या बाबतीत मात्र मामांनी कमाल केली होती. साइटवर मिस्त्री सुतात बोलतात आणि दुकानदार एमएममधे, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तर दोन सूत ६ एमएम, अडीच सूत ८, तीन सूत १०, चार सूत १२ आणि पाच सूत १६. मामांनी हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं होतं. आणि व्यासाचा वर्ग भागिले १६२ केला की एका मीटरचं वजन किलोत येतं हे त्यांना मीच कधीतरी लग्नात भेटल्यावर सांगितलेलं, ते लक्षात ठेवून त्यांनी १२ मीटरच्या कांड्या दुकानात वजनावर टाकून बघितल्या, ८ एमएमची पावणेपाच किलोच्या आसपास, १२ ची साडेदहाच्या वर. सळीत त्यांचा एक रुपया इकडं तिकडं झाला नाही. म्हणजे शब्द माहीत होता तिथं माणूस फसला नाही.

राहिली शेवटची ओळ, 'पाणी मारणे'. कुणी मारायचं? मामा म्हणत होते मजुरीत आलं. कॉन्ट्रॅक्टर म्हणत होता की पाणी नेहमी मालकच मारतो, मी लिहिलं ते आठवण म्हणून. स्लॅबला काही अडचण आली नव्हती, तिथं वाफे घालून पाणी साठवलेलं आणि आत्या रोज सकाळ संध्याकाळ वर जाऊन बघायची, चौदा दिवस. स्लॅबचे टेकूही त्यानं घाई न करता काढलेले. पण कंपाऊंडचं प्लास्टर झालं एप्रिलमधे, सांगलीचं एप्रिलचं ऊन, आणि त्याच आठवड्यात आत्या आणि मामा लग्नाला गावाकडं. पाच दिवस भिंतीला थेंब नाही. पश्चिमेकडची भिंत सगळी केसासारख्या बारीक भेगांनी भरली, जाळं पडल्यासारखी, आणि ठोकल्यावर दोन ठिकाणी पोकळ आवाज. प्लास्टरला कमीत कमी सात दिवस ओल लागते, अशा उन्हात तर दहा दिवस मारलेलं बरं. सिमेंटला घट्ट व्हायला पाणी लागतं, ते उन्हानं आधीच ओढून घेतलं तर ताकद येणार कुठून.

इथं चूक कुणाची यावर मी निकाल दिला नाही, खरंच देता येत नव्हता. मी एवढंच विचारलं की जाताना तुम्ही त्याला सांगितलं का, आणि भिंत कोरडी दिसत असताना तुम्ही मास्तरांना एक फोन केला का. दोघांनीही खाली बघितलं. आत्याच म्हणाली, "भाऊ, तेवढी भिंत तुम्ही परत करा, सिमेंट वाळू आमची, पाणी मी मारते." त्यावर कॉन्ट्रॅक्टर लगेच हो म्हणाला, आणि पोकळ प्लास्टर पाडायचीही मजुरी घेणार नाही म्हणाला. बारीक भेगा होत्या तिथं पाडापाडी केली नाही, भेगा भरून पुट्टी आणि बाहेरचा रंग पुरणार होता.

बिल शेवटी असं ठरलं, बांधकाम ४,१२,५६०, जोतं आणि पायाचं जादा २२,०००, कंपाऊंड प्लास्टर ३२,३४०, एकूण ४,६६,९००. दिलेले २,८०,००० वजा, राहिले १,८६,९००. मामांना हा आकडा पचायला वेळ लागला, त्यांना एक एफडी मोडावी लागली, आणि याची मला आजही हळहळ वाटते, कारण हाच आकडा पहिल्या दिवशी समोर असता तर ते हेडरूम लहान करू शकले असते, स्लॅब चारी बाजूंनी बाहेर काढायच्या ऐवजी नुसता पुढंमागं काढला असता. पैसे तीन हप्त्यांत द्यायचे ठरले, शेवटचा हप्ता पश्चिमेची भिंत झाल्यावर.

निघताना मामांनी नवीन पान काढलं. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग आणि फरशीचं काम बाकी होतं, ते दुसऱ्या मिस्त्रीला द्यायचं होतं. माझ्यासमोर एक एक ओळ लिहायला लागले आणि प्रत्येक ओळीपुढं विचारत गेले, डाडो किती उंच, फरशीपासून की स्कर्टिंगच्या (भिंतीच्या पायथ्याच्या टाइलच्या पट्टीच्या) वरून, कोबा (फरशीखालचा थर) धरलाय का वेगळा, टाइल कट करून वाया जाते ती कुणाच्या माथी, पाणी साठवून टेस्ट किती तास. डाडो म्हणजे भिंतीला खालून लावतात त्या टाइल्स, तिथं सात फूट लिहिलं, तयार फरशीपासून. स्कर्टिंग स्क्वेअर फुटात नाही, रनिंग फुटात. टेस्टला २४ तास लिहिले, मी ४८ करायला लावले. पाणी मारणेच्या पुढं त्यांनी आत्याचं नाव लिहिलं, आणि आत्यानं खाली सही केली.